सव्वा महिन्याचं पाणी

नळाला डबा बसवला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं. बसवायला आलेल्या माणसानं ते पुसलं, आतलं यंत्र खराब होईल म्हणून. तो गेल्यावर आईनं पुन्हा लावलं. तेव्हापासून त्या दोघांचं काही पटलं नाही. म्हणजे आईचं आणि डब्याचं.

डबा दिसायला गरीब होता. पांढरा, भिंतीला ठोकलेला, वर एक दिवा. घरात जितकी माणसं तितकं पाणी, माणशी रोजचे सत्तर लिटर, आणि माणूस गावाला गेलं की त्याचं पाणी बंद. सकाळी दिवा हिरवा असायचा, पाणी संपत आलं की पिवळा आणि संपलं की लाल. लाल झाला की आतून टक् असा आवाज यायचा आणि नळ दुसऱ्या सकाळपर्यंत बंद. आदिलाबादेत उन्हाळ्याचं तुम्हाला काय सांगू, आमच्या गल्लीतले बोअर होळीपासूनच पाण्याऐवजी हवा फेकत होते. म्हणून पाण्याच्या ऑफिसानं अर्ध्या गावाला हे डबे लावले. योजना चांगली होती. मी आजही तसंच म्हणतो. पाणी खरोखरच कमी होतं आणि कोणीतरी ते मोजायलाच पाहिजे होतं. फक्त आमच्या घरातली माणसं मोजणं वाटतं तितकं सोपं नव्हतं.

बाबांचं, म्हणजे भगवंतरावांचं, प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. बादल्या, टब, ड्रम, मग. डबे लागले आणि बाबांचा धंदा असा चालला की दुकानात माल मावेना. मग ड्रम घरी आले. ओसरीत ड्रम, जिन्याखाली ड्रम, माझ्या पलंगाखाली एकात एक घातलेल्या बादल्या. पाणी सोडून पाण्याचं सगळं आमच्या घरात होतं.

बाबा, आई आणि मी, अशी तीन माणसं. तिघांचं भागत होतं. मग सपना आली.

सपना माझी मोठी बहीण. तामसीकडच्या एका गावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आमच्याकडं कोणाला विचारावं लागत नाही, जसं लग्नात जेवण असेल का हे विचारावं लागत नाही. तिला मुलगी झाली. दवाखान्यातून दोघींना घरी आणलं तेव्हा आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून ठेवलं, "सव्वा महिना. त्याच्या आंधी मी माह्या लेकीले कुठं धाडत नाई."

यामागं कारण होतं. आईला तिच्या स्वतःच्या वेळी माहेरी पुरते पंधरा दिवसही मिळाले नव्हते. आईची आई आजारी पडली आणि आईला ओल्या अंगानं सासरी परत धाडलं. ही गोष्ट आईनं पंचवीस वर्षांत कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. म्हणजे आठवड्यातून एकदाच बोलायची.

बाळंतिणीला पाणी किती लागतं याची मला कल्पना नव्हती. सकाळी तेल लावून कढत पाण्याचं न्हाणं. बाळाचं न्हाणं. दुपटी. लंगोट. पुन्हा लंगोट. एवढ्याशा पोरीला बाबांपेक्षा जास्त पाणी लागायचं. मी तसं बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "मी काई दिवसातून दहा खेप लंगोट बदलत नाई."

त्यामुळं मी पाण्याच्या ऑफिसात गेलो, घरात दोन माणसं वाढली हे सांगायला.

तिथं तेजस्विनी मॅडम होती. माझ्याच वयाची असेल. खाली दक्षिणेकडची, तेलुगू मुलगी. मराठी समजायचं पण बोलायची हिंदीत, आणि अडचणीचं वाक्य आलं की तेलुगूत.

"शादीशुदा लडकी का नाम उसके गाँव में है," ती स्क्रीनकडं बघत म्हणाली. "यहाँ मेहमान में डाल सकते. सात दिन."

"आणि बाळ?"

"नाम?"

"नाव बारशाला ठेवणार, सव्वा महिन्यानंतर. त्याच्या आधी ठेवत नाहीत आमच्यात."

"नाम नहीं तो सिस्टम तीसुकोवट्लेदु." म्हणजे सिस्टम घेत नाही.

"मॅडम, पण तिला पण पाणी लागतं."

"लगता है," ती म्हणाली. "लेकिन किस को लगता है, वो लिखना पडता है ना."

आम्ही दोघं थोडा वेळ स्क्रीनकडं बघत बसलो.

तर सपना आमच्या घरची पाहुणी झाली. सात दिवसांनी पाहुण्यानं फाटकातून बाहेर पडायचं, तो फोटो मोबाइलवरून पाठवायचा. मग परत आत यायचं, तोही फोटो पाठवायचा. की पुढचे सात दिवस मिळाले. लोक पाहुणे म्हणून वाटेल ती नावं घालतात म्हणून हा नियम केला होता, आणि लोक खरंच घालत होते. मागच्या गल्लीत एका घरी वारलेला मामा दोन महिने मुक्कामाला होता आणि रोज अंघोळ करत होता.

सात दिवस झाले. मी मोबाइल घेऊन फाटकापाशी उभा राहिलो.

"बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नसते," आई म्हणाली. "फोटोसाठी तं अजिबात नाई."

"अवं, दोन पावलं जायचं अन् यायचं," बाबा म्हणाले.

"दोन काय नं दोनशे काय. बाहीरची हवा लागते."

"हवेले कोटा नाई न अजून," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडं असं पाहिलं की त्या दिवशीचं माझ्या अंघोळीचं पाणी मी आपणहून सोडून दिलं.

मग आईलाच एक सुचलं. शेजारच्या विमलबाईंची सून प्रणिता सपनाच्याच उंचीची. तिला सपनाची साडी नेसवली. वर उन्हाचा रुमाल नाकापर्यंत बांधला, तसा आमच्याकडं उन्हाळ्यात सगळ्याच बायका बांधतात, त्यामुळं गावातल्या सगळ्या बायका मे महिन्यात एकसारख्या दिसतात. प्रणिता ठुमकत फाटकाबाहेर गेली. मी फोटो काढला. मोबाइलवर लगेच आलं, 'चेहरा जुळला. आपल्या पाहुण्यांचा प्रवास सुखाचा होवो.'

आईनं डब्याकडं बघून मान हलवली. पहिल्यांदाच तिनं त्याला हरवलं होतं.

प्रणिता आत आली. फोटो काढला. 'चेहरा जुळत नाही.' पुन्हा काढला. जुळत नाही. रुमाल थोडा वर, थोडा खाली, डोळे मोठे, डोळे बारीक.

"सपनासारखी पाह्य न," आई म्हणाली.

"सपनाताई कशी पाह्यते?"

"झोप नसल्यासारखी."

प्रणितानं झोप नसल्यासारखं पाहिलं. जुळलं नाही. बाहेर जाणाऱ्याचा चेहरा सिस्टम फार निरखून बघत नाही, आत येणाऱ्याचा बघते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी पुन्हा ऑफिसात गेलो.

"वो तो चली गई," तेजस्विनी मॅडम म्हणाली.

"नाही गेली मॅडम. घरी आहे. आता झोपली आहे."

"सिस्टम में गई. वापस आने का फोटो नहीं मिला, तो अब एक महिना इस घर में मेहमान नहीं बन सकती."

"मग आमच्या घरात आता कोण कोण आहे?"

तिनं स्क्रीनवर पाहिलं. "आप, नान्ना, अम्मा." म्हणजे मी, बाबा आणि आई.

"खोलीत एक बाई आहे मॅडम. तिच्या मांडीवर बाळ आहे."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मेरे घर में भी डब्बा है. मेरी सास आई है. वो भी सिस्टम में नहीं है." आणि मला तिनं तिच्या बाटलीतलं पाणी प्यायला दिलं. मी दोनच घोट घेतले.

आता तिघांच्या पाण्यात पाच जण. मी आणि बाबा एक दिवसाआड अंघोळ करू लागलो, मग दोन दिवसाआड. बाबा दुकानात गिऱ्हाइकाला बादली दाखवायचे तेव्हा गिऱ्हाईक जरा लांब उभं राहायचं. विकतच्या पाण्याचे कॅन आणले, पण आमच्या गल्लीत तेव्हा सगळेच कॅन आणत होते आणि कॅनवाला प्यायला पुरेल इतकेच द्यायचा. टँकर एकदा आला. तो कोणासाठी आला होता हे कळायच्या आत रिकामा झाला. सपनाचं अंगावरून न्हाणं आईनं कसंबसं चालू ठेवलं, पण केस राहिले. तिचे केस कमरेपर्यंत. ते धुवायचे तर तेवढ्यातच दिवा पिवळा.

त्याच सुमारास गल्लीत माणसांना भाव आला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पुतणे, भाचे दिसू लागले. म्हातारं माणूस घरात आणलं की त्याचे सत्तर लिटर सोबत येतात, आणि म्हातारं माणूस वापरून वापरून किती वापरणार, असा हिशेब होता.

आमच्याकडं रेणुका आत्या होती. बाबांची मोठी बहीण, दोन गल्ल्या पलीकडं एकटी राहायची. तिला न्यायला माझा चुलतभाऊ संतोषही टपला होता. त्यानं तिच्या घरी कूलर बसवून दिला. बाबांनी एक टब दिला. कूलरसमोर टब काय टिकणार, पण आईनं जाऊन सांगितलं, "आत्याबाई, बाळंतीण घरात हाय. तुमी आल्या तं पोरीचं न्हाणं होईन." आत्या विरघळली. लगेच पेटी भरली. मी तिचं नाव तिच्या घरून आमच्या घरावर हलवलं. एकदा हललेलं नाव तीन महिने पुन्हा हलत नाही, असं मोबाइलवर बारीक अक्षरात आलं. आम्हाला तरी ते कुठं हलवायचं होतं.

आत्याला पाणी कमी लागतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. एक बादली तिला दोन दिवस जायची. ते का, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. आत्या सोवळ्याची होती. कोणी शिवलं की अंघोळ करायची. तिच्या घरी ती एकटीच होती, म्हणून तिला कोणी शिवतच नव्हतं.

आमच्याकडं शिवणारी माणसं चार होती आणि पाचवी लंगोटात.

आत्या नळ धुवायची आणि मग नळाला हात लावायची. नळ धुवायला नळ सोडायला लागायचा, म्हणून आधी हात धुवायची. कॅनमधून आलेलं पाणी कोणाच्या हातचं म्हणून प्यायची नाही. बाळंतिणीच्या खोलीकडून वारा आला की उठून अंघोळीला. मी म्हटलं, "आत्या, वाऱ्याचा पण विटाळ होते?" ती म्हणाली, "वारा कुठून आला ते पाहा लागते बाप्पा."

तिच्या सत्तर लिटरमध्ये तिचंच भागेना. रोज ती आमच्या तिघांच्या वाट्यातून थोडं घेऊ लागली. पूर्वी दिवा दुपारी लाल व्हायचा, आता आत्या आल्यापासून तो सकाळच्या चहालाच पिवळा असायचा. तिला कोण बोलणार. ती आली होती पोरीच्या न्हाण्यासाठी, आणि रोज देवापुढं बसून पोरीच्या न्हाण्यासाठी हात जोडत होती, ते हातही आधी धुऊन.

"ह्या बाईले परत धाडता येते का?" एकदा आईनं मला विचारलं.

"तीन महिने नाई."

आईनं लंगोट पिळला. त्यातून निघालेलं पाणी तिनं खाली बादलीत धरलं, आणि त्या पाण्यात दुसरा लंगोट बुडवला.

अशातच एका सकाळी राहीबाई आल्या. राहीबाई म्हणजे सपनाची सासू. न सांगता आल्या, नात बघायला, तामसीच्या बसनं, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. बाई भली आहे हे आधीच सांगून टाकतो. ती जरा वाईट असती तर आईला पुष्कळ सोपं गेलं असतं.

आमच्याकडं पाहुणं दारात आलं की आधी पायावर पाणी, मग बोलणं. आणि विहीण असली तर ते पाणी ड्रममधलं शिळं चालत नाही, ताजं घालतात. निदान आईच्या घरी तसं होतं. ड्रममध्ये तसंही काही नव्हतं. आईनं डब्याकडं पाहिलं. दिवा पिवळा होता. आत्या आतल्या मोरीत अंघोळ करत होती, दुसऱ्यांदा, कारण विमलबाईंचा नातू तिच्या पदराला लोंबकळला होता.

"आत्याबाई, पानी बंद करा जरा," आईनं आवाज दिला.

"साबण लागलं आंगाले," आतून आलं.

राहीबाई दगडावर उभ्या राहिल्या. त्यांनी उजवा पाय पुढं केला. बसस्टँडपासून चालत आल्या होत्या, पाय धुळीनं पांढरा झाला होता. आईनं अंगणातला नळ सोडला, वाकून त्या पायावर पाणी घेतलं, हातानं चोळला. पाय स्वच्छ निघाला. राहीबाईंनी डावा पाय पुढं केला.

टक्.

नळातून आणखी दोन थेंब आले. ते आईच्या हातावर पडले.

आत मोरीतही आत्याच्या पाण्याचा आवाज थांबला. बाबांनी एक ड्रम वाकडा करून पाहिला, मग दुसरा. मी कॅन आणायला धावलो, त्यात तळाला गिलासभर होतं. आई उठली, घरात गेली आणि चुलीवर बाळाच्या न्हाण्यासाठी तापत ठेवलेलं पातेलं फडक्यानं धरून घेऊन आली. वाफ निघत होती.

"ते काऊन आणून राह्यल्या?" राहीबाई म्हणाल्या. "पोरीचं हाय ते. ठेवा आत."

"पाय धुवा तुमी, ईहीनबाई."

"ठेवा म्हणते न."

आई पातेलं घेऊन तशीच उभी. हात भाजत असतील. शेवटी बाबांनी ते तिच्या हातातून घेतलं.

राहीबाई आत गेल्या. ओसरीच्या फरशीवर त्यांच्या पायांचे ठसे उमटले, एक ओला, एक मातीचा, एक ओला, एक मातीचा, सपनाच्या खोलीपर्यंत.

त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. कोणासारखी आहे यावर थोडं बोलणं झालं. नाक रविकांतचं आहे असं ठरलं. रविकांत म्हणजे माझा दाजी. मग त्यांनी सपनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. केसांची दोरी झाली होती. त्यांनी हाताचा वास घेतला नाही, पण घ्यावासा वाटला असावा.

"ईहीनबाई," त्या म्हणाल्या, "मी पाह्यलेच आलती. न्यायले नोती आली."

आईनं मान खाली घातली.

"आमच्या वावरातल्या विहिरीले पानी हाय अजून. रविकांतनं घरापावतर पाइप आणला. मोरीत धो धो पडते."

"सव्वा महिना होऊ द्या," आई म्हणाली.

"मी बी तेच म्हणते. सव्वा महिना व्हायलेच पायजे. आता तो इथं नाई झाला तं तिथं होईन. मी करीन तिचं सगळं. लेकीवाणी करीन."

यावर भांडायला आईला काही सापडेना. मी तिचा चेहरा बघत होतो. ती शोधत होती. माझी आई कॅनवाल्याशी, टँकरवाल्याशी, डब्याशी भांडली आहे, पण समोरचं माणूस खरं बोलत असलं की तिला भांडता येत नाही. ती सपनाकडं वळली. सपनानं नाही म्हटलं असतं तर ती सगळ्या जगाशी लढली असती, सिस्टमसकट.

सपना रडवेली झाली होती. म्हणाली, "आई, मले केस धुवायचे हायेत."

आणि थोड्या वेळानं, "बस, केसच."

आई उठून सामान बांधायला लागली.

मी तिच्या मागं गेलो. "तू बी जा न तिच्यासंगं. सव्वा महिना तिथं राह्य."

"मी गेली तं माहं पानी जाईन," आई दुपट्याच्या घड्या करत म्हणाली. "मंग तुमी दोघं अन् आत्याबाई. आत्याबाईले पुरन का ते?"

विचार केला. पुरलं नसतं.

दुपारी बाबांनी ऑटो ठरवून आणला, थेट गावापर्यंतचा. आईनं सपनाच्या कानाला फडकं बांधलं, कंबर बांधली, बाळाच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. ओटी भरली. सपना उंबरठ्यापाशी आली तेव्हा मला वाटलं, आई काहीतरी म्हणेल. ती बाजूला झाली. सपनाच्या जाण्याचा फोटो काढावा लागला नाही. सिस्टममध्ये ती आधीच गेलेली होती.

राहीबाईंनी ऑटोत बसताना आईचा हात धरला. "रागावू नका, ईहीनबाई."

"कायचा राग," आई म्हणाली. "पानी कढत घेजा. हिले कोमट पुरत नाई."

"हो."

"अन् ओव्याची धुरी."

"देईन न जी."

ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळला. विमलबाई, प्रणिता, सगळ्या आपापल्या फाटकात उभ्या होत्या. कोणी आईकडं आलं नाही.

संध्याकाळी सपनाचा फोन आला. मी स्पीकरवर लावून आईपुढं धरला.

"पोचलो व आई. झोपली होती पोरगी रस्त्यानं."

"केस धुतले?"

"धुतले. सासूबाईनं धुतले. शिकेकाईनं, दोनदा."

"वाळवले का नीट? ओल्या केसानं झोपू नको."

"वाळवून राह्यली."

आता काय विचारायचं, ते आईला आठवेना. पलीकडं कुठंतरी नळ सोडलेला असावा, पाणी मोठ्या भांड्यात पडत होतं, भांडं भरत आल्यावर आवाज बदलतो तसा तो बदलला, आणि पाणी काठावरून खाली सांडायला लागलं. कोणी बंद करायला उठलं नाही. तिकडं तशी घाई नसणार.

"ठेवू का आता?" सपना म्हणाली.

"ठेवशीन," आई म्हणाली. "थांब जरा."

पाणी अजून सांडतच होतं, आणि तिनं माझ्या हातातला मोबाइल घेऊन कानाला लावला.